गोदावरेला बुडवायला गेले त्याची हकिगत

समुद्रातले प्राणी बघायला संभाजीनगरला चाललेय, असं मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी नुसतं खिडकीकडे पाहिलं. आमचं घर रत्नागिरीत आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो.

"तिकडे वेरूळ आहे ना?" त्या म्हणाल्या.

"आहे."

"मग निदान ते तरी बघून ये."

वेरूळ बघितलं नाही, हे आधीच सांगून टाकते. मकबरा रिक्षातून दिसला, तोही सिग्नलला थांबलो म्हणून. लेण्यांच्या वर्णनासाठी हे वाचायला घेतलं असेल त्यांनी इथंच थांबावं, पुढं फसवल्याची तक्रार नको.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात फ्युजुलिनिड नावाच्या प्राण्यांची वर्गवारी करते. हे एका पेशीचे जीव. समुद्रतळाशी राहायचे, स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधायचे, आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वी एकजात मेले. आता उरलीत ती दगडात अडकलेली कवचं. बहुतेक गव्हाच्या दाण्याएवढी, दिसायलाही तशीच, आणि बाहेरून सगळी सारखी. कुठला दाणा कुठल्या वंशातला हे ठरवायचं तर तो कापावा लागतो, आणि तोही उभा, बरोबर मधोमध, त्यानं जन्मल्यावर बांधलेल्या पहिल्या खोलीतून. मग काचेवर घासून इतका पातळ करायचा की उजेड आरपार जावा. केसभर इकडेतिकडे झालं की दाणा वाया. कापलेला दाणा परत मिळत नाही.

ज्या सरांनी मला हे शिकवलं ते मूळचे मराठवाड्याचे, मेंढपाळ घरातले, आणि निवृत्तीनंतर संभाजीनगरला राहतात. तरुणपणी ते काराकोरमच्या मोहिमेवर गेले होते. तिथल्या एका नाल्यातून आणलेल्या दगडात त्यांना वेगळंच कवच सापडलं. त्यांनी नवा वंश जाहीर केला आणि त्याला आपल्या थोरल्या बहिणीचं नाव दिलं. बहीण गोदावरी, म्हणून वंश गोदावरेला. ही बहीण मेंढरांमागं हिंडली म्हणून सर शाळेत बसले. सरांनी आयुष्यात नाव दिलेला वंश हा एकच.

आता या सगळ्या गटाची नवी यादी होतेय आणि त्यातलं एक प्रकरण माझ्या गळ्यात पडलंय. त्यात गोदावरेला येतो. सरांच्या जुन्या लेखातलं छायाचित्र मी पुन्हा पुन्हा बघितलं. छेद तिरका वाटत होता. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट होते आणि सालही जाड दिसते. तसंच याचं होतं. तिरक्या छेदात जुन्याच वंशाच्या भिंती जाड दिसतात, आतल्या पडद्यांच्या घड्या जास्त दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं नवीन काही सापडलं. ही चूक करायला आधी दहा-पंधरा वर्षं या धंद्यात घालवावी लागतात, बाकी कुणाच्या हातून ती होऊच शकत नाही.

एका प्राण्याला दोन नावं पडली तर आधीचं राहतं आणि नंतरचं बुडतं, असा आमच्यात नियम आहे. शब्दही तोच, बुडवणं. सरांच्या मूळ काचपट्ट्या एका स्थलांतरात फुटल्या होत्या. तो नाला आता सरहद्दीच्या अशा भागात आहे की तिथं बकरीलासुद्धा परवाना लागेल. उरला होता त्याच दगडाचा एक तुकडा. मी सरांना फोन केला.

"सर, तो दगड अजून आहे का?"

"आहे. पण माझ्याकडं नाही, आक्काकडं आहे." मग म्हणाले, "बुडवायला येतीयेस ना?"

"बघायला येतेय."

"तेच ते. ये."

सिडको

रत्नागिरीहून निघाल्यावर दोन गाड्या बदलल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शहराचं नाव बदललंय, पण मला नेणाऱ्या रिक्षावाल्यानं दोन्ही नावं एकाच वाक्यात वापरली आणि भाडं एकच सांगितलं.

सर सिडकोत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. काकू गेल्यापासून स्वयंपाक स्वतः करतात आणि त्याबद्दल कुणाचं काही ऐकून घेत नाहीत. मी पोचले तेव्हा ते पिंपात नळी सोडून उभे होते. "या" नाही, "बस" नाही. म्हणाले, "ती बादली धर."

त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी म्हणजे नको नको म्हणताना आभाळातून पडणारी गोष्ट. इथं कैक दिवसांनी नळ येतो, आणि आला की लग्नं, तेरावी, ऑफिस सगळं बाजूला. पिंप, टाकी, हंडे, कुकर, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून झाली तेव्हा सरांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "जाड झालीस," म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं.

दुपारी त्यांनी मला नान-खलिया खायला नेलं. आम्ही मासे खाणारी माणसं, मटण आम्हाला कळतं पण झेपत नाही. तवंगाखाली रस्सा कुठं आहे ते शोधतच मी अर्धा नान संपवला. सर माझ्याकडे न बघता जेवत होते.

"छेद तिरका वाटतो ना तुला?" मध्येच म्हणाले.

"वाटतो."

"मला पण. बरीच वर्षं वाटतोय."

"मग तुम्ही कापून का नाही बघितलं?"

"आक्कानं दगड देव्हाऱ्यात ठेवलाय. तिला मागायचा कोणत्या तोंडानं? तुझं नाव खोटं आहे का ते बघतो, दे, असं?" त्यांनी हाडूक बाजूला ठेवलं. "तू जा. मी आलो तर ती नाही म्हणणार नाही. म्हणूनच मी येत नाही."

मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं होतं.

गंगापूरच्या पुढं

सकाळी काळीपिवळीनं गंगापूर, तिथून दुसऱ्या जीपनं गोदाकाठच्या एका गावी. दोन्हीकडे ऊस आणि कापूस. आमच्याकडे शेत म्हटलं की डोळ्यांना लगेच डोंगर आडवा येतो. इथं नजर सोडली की तिला परत बोलवावं लागतं. जमीन काळी, खडक काळा, आणि सगळा लाव्हाचा. या जिल्ह्यात समुद्री कवच शोधायला येणाऱ्या माणसाला कुणी खुळ्यात काढलं तर काढणाऱ्याचं काही चुकलं नाही.

गावात उतरून मी किराणा दुकानात विचारलं, "गोदावरीबाई कुठं राहतात?"

दुकानदारानं वजनकाट्यावरून मान वर केली. "कोन गोदावरीबाई?"

"वयस्कर आहेत. भाऊ प्रोफेसर होते, आता संभाजीनगरला असतात."

"या नावाचं नाय कुनी."

मी सरांचं आडनाव सांगितलं. तेही नाही निघालं. बिस्किटाचा पुडा घ्यायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "गोदावरी म्हंजी ती खाली वाहती ती. पन तिलाबी आम्ही गंगाच म्हनतो." त्यांनी हे मदत म्हणून सांगितलं होतं.

मी सरांना फोन लावला.

"सर, या गावात गोदावरीबाई नाहीत."

"असं कसं? साठ वर्षं राहतीये तिथं."

"कुणाला माहीत नाहीत."

मग म्हणाले, "हां. तिकडं तिला रखमा म्हणतात."

"हे तुम्ही सांगितलं नाहीत."

"लक्षात कसं राहील? मी कधी रखमा म्हटलंय तिला? आडनावही सासरचं सांग, नाहीतर परत फोन करशील."

मी ते नाव सांगितलं. "रखमाआजी व्हय," दुकानदार म्हणाला. "तसं सांगा की. मेंढरंवाली." आणि त्यानं बोटानं घर दाखवलं. ते दुकानासमोरच होतं.

आक्का दारात लसूण सोलत बसली होती. बारीक, ताठ, ऐंशीच्या पुढची. सरांनी पाठवलंय म्हटल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शिरपतीनं धाडलं? त्यो नाय आला?"

"नाही."

"मंग काय तरी अवघड काम असंल. आधी जेव."

सुनेनं भाकरी टाकल्या. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी. भात मागायची आमची जित्याची खोड. मी मागितला, तर सून काळजीनं म्हणाली, "पोट बिघडलं का?" भात इथं दुखणाईताला देतात. मी गप भाकरी खाल्ली आणि ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढलं. आक्कानं गुळाचा खडा पुढं केला, म्हणाली, "कोकनातली दिसती."

जेवण झाल्यावर देव्हारा बघितला. आपल्याकडे लेकीला माहेराहून अन्नपूर्णा देतात आणि ती तांदळात किंवा गव्हात उभी करतात, तशी आक्काची पितळी अन्नपूर्णा उभी होती. फक्त तिच्या पायाखाली वाटी नव्हती. करड्या रंगाचा, तळहाताएवढा चुनखडक होता आणि तो शिगोशीग दाण्यांनी भरला होता. हळदीकुंकवाखाली काही दाणे इतके सुरेख उभे दिसत होते की माझा हात आपोआप पुढं गेला. तो मी मागं घेतला.

"शिरपतीनं बरफातून आनला," आक्का म्हणाली. "म्हनला, आक्का, यातल्या दान्याला मी तुपलं नाव दिलंय. म्हनलं अन्नपूर्णा दान्यातच र्‍हाती, मंग हितंच ठिवू. या दान्यान्ला किडबी लागत नाय."

"तुम्हाला गावात गोदावरी कुणी म्हणत नाही?"

"कोन म्हनंल? लग्नात ताटात गहू पसरले आन् नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिवलं. त्यान्ला लिवायला कुठं येत व्हतं. भटजीनं बोट धरून गिरवलं. मला वाचता येत नव्हतं. काय लिवलं ते सासूनं हाक मारली तवा कळलं." ती हसली, पण लगेच थांबली. "गोदावरी माह्यारीच र्‍हायली. तिथंबी आता कोन नाय. शिरपती हाय तवर आक्का म्हनून तरी हाक येती. मपलं नाव आता त्या किड्यालाच."

तो किडा नाही, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

खोटं बोलून दगड मागता आला असता. फोटो काढायचाय, वजन करायचंय, काहीही. पण तिच्या घरची भाकरी पोटात होती आणि माझी जीभ वळेना. मी सगळं सांगितलं. छेद तिरका असावा, दगड कापल्याशिवाय कळणार नाही, कापला तर कदाचित नाव बुडेल.

आक्कानं लसणाची साल सुपातून बाजूला केली. "कापल्याव परत हितं ठिवता यील?"

"तुम्हीच सांगा."

"भंगलेलं नाय ठिवत."

"मग नाही."

"आन् नाय कापला तर?"

"तर नाव राहील. पण खरं आहे की नाही ते कळणार नाही."

"शिरपतीला शंका हाय?"

"बऱ्याच वर्षांपासून."

ती उठली. अन्नपूर्णेला उचलून कपाळाला लावलं. वाटीत मूठभर गहू घेऊन तिला त्यात उभी केली, कारण देव्हाऱ्यातली जागा रिकामी सोडत नाहीत. मग मला पाटावर बसवलं आणि सुनेला म्हणाली, "कुकू आन." खण, नारळ, गहू, आणि वर तो दगड, अशी तिनं माझी ओटी भरली. माझ्या आजवरच्या ओट्यांमध्ये ती सगळ्यात जड होती. पदर फाटतो की काय असं वाटत होतं.

"नीट काप," आक्का म्हणाली. "येकदाच कापायचाय."

पुन्हा सिडको

सरांच्या मागच्या गॅलरीत छोटं कापायचं यंत्र आहे. ते चालू झालं की खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघतात आणि दार लावून घेतात. त्याच्या पात्यावर सतत पाणी सोडावं लागतं, नाहीतर दगड तडकतो. तेव्हा मला कळलं की सर त्या दिवशी कुकरसुद्धा का भरून घेत होते.

सरांचा हात आता थरथरतो, म्हणून कापायचं काम माझ्याकडे. दाणा निवडायलाच सकाळ गेली. बाहेरून दिसणारं टोक बघायचं, आतला कणा कसा असेल याचा अंदाज घ्यायचा, मग दगड पकडीत बसवायचा. मी तीनदा बसवला आणि तीनदा काढला. सर मागं स्टुलावर बसून बघत होते. वर्गात असं झालं असतं तर त्यांनी मला खडू मारला असता.

कापल्यावर घासणं. काचेवर ओली पूड टाकायची आणि तुकडा गोल गोल फिरवायचा. थोडं घासायचं, धुवायचं, भिंगाखाली धरायचं, परत थोडं. पहिली खोली जवळ आली की जीव मुठीत धरावा लागतो, कारण ती पुसून जायला दोन फेरे जास्त पुरतात. एकदा माझा घाम काचेवर पडला. सर म्हणाले, "चालतं, पाणीच आहे. वाचलं तेवढं."

दुपार कलली तेव्हा पहिली खोली उघडली. गोल, स्वच्छ, बरोबर मधोमध. इतका सरळ छेद मला जन्मात जमला नव्हता आणि नेमका त्याच वेळी जमावा याचा मला राग आला. मी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, पाहिलं, आणि खुर्चीवरून उठले.

सर बसले. त्यांनी एक डोळा मिटला आणि बराच वेळ काचपट्टी इकडून तिकडे सरकवत राहिले. भिंत साधी, पातळ. घड्या दोन टोकांना, मध्ये नाहीत. हे कवच सर जन्मायच्या आधीपासून पुस्तकात होतं, दुसऱ्या नावानं.

"तिरकाच कापला होता मी," सर म्हणाले.

"तेव्हाची यंत्रं..."

"यंत्राला काय बोल लावतीस? मला नवीन काहीतरी सापडायला हवं होतं. आक्काला काहीतरी द्यायचं होतं." त्यांनी चष्मा काढला आणि घरी एरवी नेसतात त्या धोतराला पुसायला हात खाली नेला. ते पँट घालून होते. कापड सापडेना. "लिही तू. बुडव."

त्यांना वाईट वाटलं होतं आणि मलाही. आम्ही दोघांनी चहा घेतला. कप तसेच, न धुता ठेवले, कारण पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं.

परत आक्काकडं

या वेळी सर बरोबर आले. गावात त्यांनी दुकानदाराला नमस्कार केला आणि त्यानं मला बघून नुसतं समोर बोट केलं.

आक्कानं भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. सर तिच्याशेजारी जमिनीवरच बसले. गुडघ्यांमुळे त्यांना बसायला वेळ लागला. तेवढा वेळ ती थांबली.

"आक्का, मी तिरका कापला व्हता," सर म्हणाले. संभाजीनगरात ते असं बोलत नाहीत.

"मंग?"

"मंग काय. त्याला आधीच कुनीतरी नाव दिलेलं व्हतं. तेच र्‍हानार."

"म्हंजी मपलं गेलं."

सर खाली बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. काकूंच्या वेळीही नाही.

म्हणून मीच बोलले. यादी कशी लिहितात ते तिला सांगितलं. वर जुनं नाव येतं. त्याच्या खाली, त्या प्राण्याला आजवर ज्या ज्या नावांनी ओळखलं गेलं ती सगळी ओळीनं. त्यात गोदावरेला, पुढं सरांचं नाव, पुढं साल. बुडालेलं नाव पुसता येत नाही. उद्या दुसऱ्या कुणाला नवीन प्राणी सापडला तरी ते नाव त्याला देता येत नाही, कारण ते एकदा दिलं गेलंय.

आक्कानं हे नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी खाली लिवलेलं र्‍हानार."

"राहणार."

"मी मेले तरी?"

"आपण सगळे मेलो तरी. पुढं कुणीही यादी नव्यानं केली तरी त्यांना ते लिहावंच लागतं. तसा नियम आहे."

"तुमच्यात बरंय," आक्का म्हणाली. "आमच्यात खालीबी नाय लिवलं कुनी." तिनं पदरानं भावाचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, जरा जोरातच. मग माझ्याकडे वळली. "आन् त्या यादीत रखमा कुठं हाय का?"

"नाही."

"नको घालू," ती म्हणाली.